घरच्या साबणाचं सामान: एक पावसाळा काढल्यावरचं मत

मागच्या वर्षी गणपती गेले त्या आठवड्यात मी साबणाचं सामान घरी आणलं. वजनकाटा, हॅन्ड ब्लेंडर, सिलिकॉनचा साचा, कॉस्टिक सोडा, डोळे झाकणारा संरक्षक चष्मा, हातमोजे. डिसेंबरातच अनुभव लिहायला बसले होते आणि तेव्हा नुसतं कौतुकच लिहिलं असतं. राहून गेलं ते बरं झालं. मुंबईत साबण करणाऱ्याने जुलै-ऑगस्ट बघितल्याशिवाय कुठल्याच वस्तूची शिफारस करू नये, असं आता माझं ठाम मत आहे. थंडीत सगळंच सामान चांगलं वागतं.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर, वर खाडीकडची दमट हवा. कामाला रात्री दहानंतर सुरुवात, मुलगा झोपला की. कॉस्टिक बाहेर काढलेलं असताना लहान मूल जागं नको, हा नियम मी अकरा महिन्यांत एकदाही मोडलेला नाही.

माझी पद्धत थंड साबणाची, म्हणजे चुलीवर न शिजवता: तेलात कॉस्टिकचं पाणी घालून घुसळायचं, साच्यात ओतायचं, मग कापून सहा आठवडे वाळवायचं. एका घाण्याला १ किलो तेल: खोबरेल ४००, राइस ब्रान ५००, एरंडेल १०० ग्रॅम. त्याला १४५ ग्रॅम कॉस्टिक आणि २९० ग्रॅम पाणी. खोबरेलाने फेस आणि कडकपणा येतो, राइस ब्रानने वडी सौम्य राहते, एरंडेल फेस टिकवतं. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. पाणी बघता बघता ८० अंशांच्या वर जातं, म्हणून मी निम्म्या पाण्याऐवजी बर्फ घेते आणि खिडकीपाशी उभी राहते. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो.

आधी काट्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त विश्वास मी त्याच्यावर टाकला. ५ किलोपर्यंत मोजणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा आहे. १ किलो तेलाच्या घाण्याला तेवढा पुरतो. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं हे ठरलेलं असतं. वरच्या तेलांना पूर्ण साबण व्हायला साधारण १५२.५ ग्रॅम लागतं. आपण मुद्दाम ५ टक्के कमी घालतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून वडी त्वचेला मऊ लागते. सात-आठ ग्रॅम कॉस्टिक जास्त पडलं की ती सगळी सवलत संपली. त्याच्या पुढे गेलात तर साबण अंगाला झोंबतो. चमच्याने, वाटीने मापून साबण करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, पाणीसुद्धा वजनानेच घ्या.

काट्याची एक सवय त्रासदायक आहे. दोन मिनिटं वजन बदललं नाही की तो आपोआप बंद पडतो आणि भांड्याचं वजन वजा केलेलं विसरतो. आता मी प्रत्येक वस्तू वेगळ्या भांड्यात मोजून ओळीने मांडून ठेवते, मगच पुढचं काम. मे महिन्यात तो तीन ग्रॅम कमी दाखवायला लागला. खालच्या वाण्याकडचं शिक्का मारलेलं २०० ग्रॅमचं वजन आणून ठेवलं तर १९७. सेल बदलले आणि पुन्हा २०० झाले. तेव्हापासून दर महिन्याला काटा खाली घेऊन जाते. वाणीदादांना आता सांगावंही लागत नाही, वजन काढून ठेवतात.

मग जुलै लागला. एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, इकडे ये. तुझ्या साबणांना घाम फुटलाय!" जाऊन बघते तर मांडणीवरच्या चौदाही वड्यांवर बारीक बारीक पाण्याचे थेंब. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर येतात तसे, पण बोटाने पुसले तर किंचित चिकट. पुसून ठेवल्या, तासाभरात पुन्हा तेच. तेलाचा साबण होताना ग्लिसरीन तयार होतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेक वेळा वेगळं काढलं जातं, आपल्या वडीत मात्र ते राहतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. त्या आठवड्यात आमच्या खोलीतली आर्द्रता ८८ टक्के होती. (तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घेतलाय. अकरा महिन्यांत सगळ्यात हुशारीची खरेदी कुठली असेल तर ती.) घामाने साबण बिघडत नाही, फक्त ओशट दिसतो आणि वाळायला वेळ लागतो. डिसेंबरात १०२ ग्रॅमची वडी सहा आठवड्यांत ९१ वर आली होती. जुलैतली तितकीच वडी सहा आठवड्यांनी ९८.

मला घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच महिन्यातले दोन घाणे चार दिवस झाले तरी साच्यातून सुटेनात. ओढून काढले तर कडा साच्याला चिकटून राहिल्या. साचा वाईट निघाला असं मी ठरवूनच टाकलं होतं. मग ब्लेंडर नीट फिरवला नसेल असं वाटलं. शेवटी कॉस्टिकची बरणी उघडली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीत प्रिन्सेस स्ट्रीटवरून स्वस्त पडतं म्हणून २ किलोची बरणी आणली होती आणि दर घाण्याला ती उघडत होते. पापुद्रे ओल्या खडीसाखरेसारखे एकमेकांना चिकटलेले. कॉस्टिक हवेतलं पाणीही शोषतं आणि कार्बन डायऑक्साइडही. काटा १४५ ग्रॅम अगदी बरोबर दाखवत होता, पण त्या १४५ मधलं किती तरी कॉस्टिक नव्हतंच. त्यामुळे तेल उरत होतं आणि वडी मऊ राहत होती. खात्री करायला त्याच दिवशी, आर्द्रता ८६ असताना, नवीन बंद पाकिटातल्या कॉस्टिकने तोच घाणा केला. दुसऱ्या रात्री साच्यातून अलगद निघाला. आता मी अर्ध्या किलोचीच पाकिटं घेते आणि उघडलं की तीन घाण्यांत लागोपाठ संपवते. पावसाळ्यात १ चमचा मीठही आधी पाण्यात विरघळवून घेते, त्याने वडी लवकर कडक होते.

साच्याची मनातल्या मनात माफी मागितली. तो चांगलाच आहे. फक्त लाकडी खोक्यासकट घ्या, नाहीतर भिंती फुगतात. आणि वासाचा साबण केला की तो वास सिलिकॉनमध्ये बसतो. माझ्या साच्याला अजून वाळ्याचा वास येतो.

ब्लेंडर दोन झाले. पहिल्याचा खालचा वाटीसारखा भाग स्टीलचा आहे असं दुकानदाराने सांगितलं होतं. दुसऱ्याच घाण्यात तो काळपट पडला आणि मिश्रणात बुडबुडे यायला लागले. तो घाणा टाकून दिला. दुसरा घेताना चुंबक लावून बघण्यात अर्थ नव्हता, चांगलं स्टीलही बऱ्याचदा चुंबकाला चिकटत नाही. खोक्यावर स्टेनलेस स्टील असं स्पष्ट छापलेलाच घेतला. तो आजही पहिल्या दिवसासारखा चालतो. दहा-पंधरा सेकंद फिरवायचा, थांबायचं, हाताने ढवळायचं. सलग फिरवला तर मोटार तापते. हा ब्लेंडर स्वयंपाकाला पुन्हा वापरायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असायला हवं. आमच्याकडे त्यावर लाल दोरा बांधलाय.

मोगऱ्याच्या सुगंधाने माझा एक घाणा क्षणात आवळला. ओतायलाही वेळ मिळाला नाही, पातेल्यातच दगड. फुलांचे सुगंध बऱ्याचदा असं करतात. वाळा आणि चंदन मात्र शांतपणे मिसळतात. हळदीचा साबण करायचा असेल तर पिवळ्याची आशा धरू नका. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं, कॉस्टिकनेही तसंच होतं. माझी वडी आधी लालसर झाली, मग महिनाभरात मातकट. मला तो रंग आवडतो.

एप्रिलमध्ये खोबरेलाचा भाव परवडेना म्हणून मी खोबरेल ३०० आणि राइस ब्रान ६०० केलं. हिशोब पुन्हा मांडून कॉस्टिक १४० केलं, त्यात चूक नव्हती. पण जुलैअखेर त्या वड्यांवर नारिंगी ठिपके उठले आणि नाकाजवळ नेलं की खवट खोबऱ्यासारखा वास. राइस ब्रान लवकर खवट होणाऱ्या तेलांतलं आहे, त्यात पावसाची ओल, आणि वड्या लोखंडी मांडणीवर उघड्याच ठेवलेल्या. लोखंड लागलं की हे आणखी लवकर होतं. अकरा वड्या फेकल्या. वडीमागे थोडेसे पैसे वाचवायला गेले आणि पूर्ण वडीच गेली. आता पुन्हा ४००. वाळवायला जाळीची प्लॅस्टिकची भाजीची क्रेट, त्यात बटर पेपर, वर पंखा. बुरडाकडून हौसेने आणलेल्या बांबूच्या पाट्यांना ऑगस्टात बुरशी धरली. त्या आता थंडीपुरत्या.

विक्रीबद्दल खूप जण विचारतात. ९० ग्रॅमची वडी मला सुगंध आणि वेष्टनासकट साधारण ३५ रुपयांना पडते. सुरुवातीला इमारतीतल्या बायकांना आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना १२० ला दिली, हातोहात जात होती. पाचव्या महिन्यात एका ओळखीच्या फार्मासिस्ट ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात. विकण्यासाठी बनवायचा तर राज्याच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना लागतो आणि त्यासाठी जागा, माणूस, स्वच्छता यांच्या अटी असतात. आमच्या स्वयंपाकघरात त्या बसणार नाहीत. त्या दिवसापासून मी एका वडीचेही पैसे घेतलेले नाहीत. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या कृतीने माल करून घ्यायला वेगळा लोन लायसन्स मिळतो, त्याचे कागद आता जमवतेय. वेळ लागतोय, पण रात्री शांत झोप लागते. लेबलवर वजन, किंमत, तारीख, पत्ता हे सगळं येणार. 'केमिकल-फ्री' मी कधीच लिहिणार नाही, कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. मुरुमं जातील असंही लिहिणार नाही, रोग बरा करण्याचा दावा केला की ते औषध ठरतं. टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचा, आकडा विचारतात. पहिल्या प्रतीच्या साबणाला ७६ टक्के लागतो. माझी वडी प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत माझ्याकडे सांगायला आकडा नाही.

घेण्याचा क्रम विचाराल तर: काटा, चष्मा-हातमोजे, आर्द्रतामापक, मग साचा. ब्लेंडर शेवटी घेतलात तरी चालेल, मधे दोन घाणे मी रवीनेच घुसळले होते, पाऊण तास लागला. ऑक्टोबरात सुरुवात करा. हात बसेपर्यंत हवा साथ देते.

घरच्यांसाठी अभ्यंगस्नानाच्या वड्यांचा घाणा काल रात्री ओतला, उटण्याच्या वासाचा. सहा आठवडे वाळण्याचे, दोन पावसाचे धरलेत. आर्द्रता ८३. मघाशी कापून क्रेटमध्ये मांडल्या, पंखा लावला, पहिली वडी काट्यावर ठेवली: १०१ ग्रॅम.