जिव्हर्नी: टूरची बस की आपली आपण रेल्वे?

पॅरिसच्या मुक्कामात एक दिवस मोकळा निघतोय आणि जवळच्या जिव्हर्नी गावातलं चित्रकार क्लोद मोनेचं घर, तो हिरवा पूल, ते तळं बघायचंच असं ठरलं की पुढचा प्रश्न हाच. मी दोन्ही करून बसलोय. पहिल्यांदा मे महिन्यात आईबाबांना घेऊन अर्ध्या दिवसाच्या टूरबसने, नंतर एका सप्टेंबरात एकटाच रेल्वेने.

बसला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. आईचे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते आणि ती हॉटेलजवळ चढली ती जिव्हर्नीतच उतरली. तिकिटाची रांग नाही, कुठे बदलाबदली नाही. गाईडबाईही तयारीच्या होत्या. मोनेने १८८३ मध्ये हे घर भाड्याने घेतलं, १८९० मध्ये विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रुळांपलीकडची ओलसर जमीन घेऊन तिथे ओढ्याचं पाणी वळवलं. तेव्हा गावकऱ्यांनी तक्रार केली, की ही परदेशी झाडं पाणी नासवतील, ते पाणी आमची गुरं पितात. यावर बाबा म्हणाले, ‘आपल्याकडे असता तर खटला अजून चालू असता.’

आता अडचण. बसमधून उतरताना गळ्यात एक डबी अडकवतात आणि कानात हेडसेट. घरासमोरच्या फुलबागेत त्याचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण मग रस्त्याखालच्या भुयारी वाटेने पलीकडे गेलो. तिथे बांबूचं बन, पाण्यावर झुकलेले विलो, बाजूने वाहणारा ओढा. आणि कानात: ‘पुलावर फोटोला पाच मिनिटं... डावीकडून चला... बसला वीस मिनिटं राहिली...’ हेडसेट काढला तर गट कुठे वळला ते कळेना, म्हणून परत घातला. चाळीस माणसं वेळेत बसमध्ये बसवायची म्हणजे त्या बाईंना बोलावंच लागणार. पण ओढ्याचा आवाज मी ऐकलाच नाही, हे रात्री हॉटेलवर लक्षात आलं आणि ते जे डोक्यात बसलं ते बसलंच.

कारण या बागेत ‘बघण्यासारखं’ म्हणून तसं फार नाही. काटेकोर जपानी बाग मनात धरून गेलात तर रेघोट्या ओढलेली वाळू नाही, की योजून मांडलेले दगड नाहीत. पूलसुद्धा तिकडच्यासारखा लाल न रंगवता हिरवा रंगवलेला. मोने जपानला कधी गेलाच नव्हता. त्याचा जपान होकुसाई, हिरोशिगे, उतामारो या जपानी चित्रकारांच्या छापचित्रांतून आलेला. ती चित्रं घरात भिंतीभर टांगलेली आहेत, पिवळ्याधमक जेवणघरात तर दाटीवाटीने. बसवाल्या दिवशी आम्ही त्यांच्यासमोरून चालत गेलो, एवढंच म्हणता येईल. (मोनेची मूळ चित्रं मात्र घरात नाहीत. स्टुडिओत दिसतात त्या नकला. तळ्याची ती मोठी चित्रं पॅरिसलाच ओरांजरी संग्रहालयात बघा.)

रेल्वेचा त्रास वेगळा. गाडी सॅं लाझारहून सुटते, हे स्टेशन मोनेने १८७७ मध्ये रंगवलंय. तासाभराच्या आत व्हेर्नों हे जिव्हर्नीजवळचं स्टेशन येतं, आणि तिथे अख्खी गाडी एकदम उतरून एकाच शटल बसकडे धावते. मी उभ्याने गेलो. पुढच्या वेळी बहुधा सायकल घेईन, अंतर पाचेक किलोमीटर आहे. परतीच्या शटलचीही वेळ बघून ठेवावी लागते. खर्च रेल्वेने कमी आला, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

भर दुपारी पोचलो तेव्हा पुलावर गर्दी होतीच. रेल्वेने गेलं की पूल रिकामा मिळतो असं नाही. फरक इतकाच, की मला कुठे जायचं नव्हतं. घर सावकाश बघितलं. फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या रुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी नॅस्टर्शियमची फुलझाडं पसरून मधे जेमतेम पाऊलवाट उरली होती. चारनंतर तळ्याकाठी परतलो तर बाक रिकामे. बसलो. ओढा ऐकू येत होता. काठाजवळच्या एका गुलाबी वॉटर लिलीच्या पाकळ्या दुपारी ताटलीसारख्या पसरल्या होत्या, त्या आता उभ्या राहायला लागल्या होत्या. पाचच्या सुमारास फुलाची मुठीएवढी कळी झाली. म्हणजे निवांतपणा हवा तर फुलं मिटलेली, आणि फुलं उमललेली हवीत तर गर्दी. रेल्वेने गेल्यामुळे मला दोन्ही बघायला मिळालं, इतकंच.

महिन्याचंही सांगून टाकतो. मे महिन्यात पुलावरच्या विस्टेरियाच्या वेलीवर फुलांचे घोस बघायला मिळाले, पण पाण्यात नुसती पानं. लिली उन्हाळ्यात फुलतात, सप्टेंबरातही असतात. एक एप्रिल ते एक नोव्हेंबर सोडून गेलात तर फाटक बंद.

आईबाबा बरोबर असतील तर बस घ्या, मी काही म्हणणार नाही. फक्त भुयारातून पलीकडे निघालात की बस कुठे उभी आहे ते एकदा विचारून ठेवा आणि हेडसेट काढून खिशात घाला.