दोन सब, एक मोनोब्लॉक: एक ओहम की चार? वापरानंतरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो. १२ इंची दोन सबवूफर (खोल बेस वाजवणारे स्पीकर, पुढे नुसतं सब), प्रत्येकात चार ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप) दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारं) मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचं) अँप्लिफायर, म्हणजे अँप: चार ओहमला ३५० वॅट, दोनला ६००, एकला १०००. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी आणि अल्टरनेटर कंपनीचेच.

अशा दोन सबमधून दोन ओहमचा लोड, म्हणजे अँपला दिसणारा एकूण रोध, निघतच नाही. चारही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्या तर एक ओहम. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीपुढे एक), म्हणजे आठ-आठ, आणि मग दोन्ही सब पॅरलल केले तर चार. सगळंच सिरीजमध्ये घेतलं तर सोळा, ते काही कामाचं नाही. त्यामुळे अँपच्या ६०० वॅटवर डोळा ठेवून असे सब घेणाऱ्याला ते ६०० कधीच मिळत नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे एक ओहमवर चालवलं. आवाज दणदणीत, त्यात वादच नाही. पण १००० वॅट द्यायचे तर अँपला बॅटरीकडून शंभरच्या आसपास अँपिअर ओढावे लागतात. गाणं सतत एवढं मागत नाही, मात्र ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की टोल पडेल तसे हेडलाइट मंद व्हायचे. एप्रिलच्या दुपारी नाशिकहून निघालो की तासाभरात अँपवर हात ठेववत नसे, आणि दोनदा लाल दिवा लागून ते प्रोटेक्टमध्ये गेलं, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडलं.

मग चार ओहमवर आलो आणि उन्हाळा-पावसाळा दोन्ही त्यावरच काढले. कागदावर फरक साडेचार डेसिबलचा. तो ऐकू येतो, नाही असं नाही. पण काचा बंद करून रोज गाडी चालवताना मला त्याची उणीव भासली नाही. अँप कोमट राहतं, दिवे स्थिर राहतात, प्रोटेक्टचा दिवा नंतर दिसलेला नाही. एक ओहमला पूर्ण ताकदीवर कॉइलकडे जाणारा करंट ३१ अँपिअरच्या वर, चार ओहमला साडेनऊच्या आत. डिकीतल्या वायरी आणि टर्मिनल तापण्याचं प्रमाण तिथेच ठरतं. सिरीजमध्ये बेस ढिला पडतो असं बरेच जण ठामपणे सांगतात. माझ्या कानांना तसं काही जाणवलं नाही.

वायरिंग बदलताना दोन गोष्टी करायलाच हव्यात. पहिली, अँपला जोडण्याआधी मल्टीमीटर लावणे. चार ओहमच्या लोडला मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो, कारण तो फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. सात दिसले तर एक सब सुटलाय. पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनसची, चूक मात्र मीटरला कळत नाही. त्यासाठी पेन्सिल सेल क्षणभर टर्मिनलला टेकवायचा, प्लसला प्लस: दोन्ही सबचे कोन (पुढचे हलणारे पडदे) एकदमच बाहेर आले पाहिजेत. एकाच सबची एक कॉइल उलटी लागली तर कोन जागचा हलत नाही आणि कॉइल आतल्या आत तापत राहते. हा दोष सर्वांत घातक.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी. सब सोडवून ५० हर्ट्झचा टोन लावायचा आणि आउटपुटला एसी व्होल्ट मोजायचे. १००० वॅट एक ओहमला साडेएकतीस व्होल्ट येतात, ३५० वॅट चार ओहमला साडेसदतीस. म्हणजे वॅट कमी असूनही व्होल्टेज जास्त. जुनाच गेन ठेवून वायरिंग बदललं की हिशेब चुकलाच. दुकानात हे कोणी आपणहून करून देत नाही, अर्धा तास मागून घ्या.

बाकी पॉवर वायर चार गेजची, शुद्ध तांब्याची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. अर्थिंगची वायर डिकीतच, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

तुमच्या अँपला दोन ओहमच झेपत असेल आणि दोन सब लावायचे असतील तर दुहेरी दोन ओहम कॉइलचेच सब मागा. प्रत्येकाच्या कॉइल सिरीज, दोन्ही सब पॅरलल, की बरोबर दोन. मॉडेलचं नाव बहुतेक वेळा तेच असतं, फरक मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. पैसे देण्याआधी खोकं उघडायला लावून तो वाचा.