माना इवाबुचीच्या धड्यांवर चालणारा बेळगावातील मुलींचा फुटबॉल वर्ग

टिळकवाडी भागातील एका कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर शनिवार-रविवारी संध्याकाळी मुलींसाठी फुटबॉलचा वर्ग भरतो. माझी पुतणी तेथे जाते आणि तिला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे जाळीबाहेरच्या कठड्यावर बसून हा वर्ग मला जवळून पाहता आला. शुल्क शहरातील क्रिकेट वर्गांच्या जवळपास आहे. बेळगावात फुटबॉल नवा नाही. लेले मैदानावरचे सामने पाहत वाढलेल्या माणसांची येथे वाण नाही, परंतु मुलींना आघाडीवर खेळायला पद्धतशीर शिकवणारी जागा शोधू लागल्यावर पर्याय फार लवकर संपतात.

या वर्गाचे वेगळेपण असे की, सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे प्रशिक्षक टॅबवर सामन्यांचे तुकडे दाखवतात आणि त्यांत वारंवार दिसते ती जपानची आघाडीपटू माना इवाबुची. ही निवड मला सुरुवातीला विचित्र वाटली, कारण आपल्याकडे नाव घ्यायचे तर मेस्सीचे, नाहीतर सुनील छेत्रीचे. मात्र कारण सरळ आहे. इवाबुचीची उंची जेमतेम 155 सेंटिमीटरच्या आसपास, आणि वर्गातील बहुतेक मुलीही अंगाने लहानखुऱ्या. आपल्या शालेय संघांत उंच, धिप्पाड मुलीला पुढे उभे करायचे आणि बुटकीला कडेला किंवा राखीव बाकावर बसवायचे, हा जणू अलिखित नियमच असतो. या वर्गाने तो मोडला आहे आणि माझ्या मते त्याची खरी किंमत येथेच आहे.

इवाबुचीचा जन्म 1993 चा, टोकियोजवळच्या मुसाशिनो शहरातला. 2008 मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या पहिल्या विश्वचषकात जपान उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू तिलाच मिळाला. 2011 मध्ये जपानने अंतिम सामन्यात अमेरिकेला पेनल्टींवर हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघात ती अठरा वर्षांची, सर्वांत लहान खेळाडू होती. पुढे लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदक, जर्मनीत हॉफेनहाइम आणि बायर्न म्युनिक, बायर्नबरोबर 2015 आणि 2016 ची लीग विजेतेपदे. मुलींना ही यादी पाठ आहे, आणि पाठ करून घेण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही.

उपयोग होतो तो दोन गोलांचा. पहिला 2015 च्या विश्वचषकातला, एडमंटन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातला. सामना गोलशून्य चालला होता आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या इवाबुचीने 87 व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गोंधळात, गोलसमोर घोटाळत असलेला चेंडू जवळून आत ढकलला. देखणेपण त्यात काही नाही. प्रशिक्षक हा तुकडा थांबवून मुलींना विचारतात, “चेंडू कुठे पडणार हे तिला कसं कळलं?” आणि मग तशाच गोंधळाचा सराव मैदानावर घेतात, ज्यात चेंडूकडे धावण्यापेक्षा मोकळी जागा धरून ठेवणाऱ्या मुलीला शाबासकी मिळते. दुसरा गोल टोकियो ऑलिंपिकमधील कॅनडाविरुद्धचा. त्या वेळी दहा क्रमांकाची जर्सी तिच्या अंगावर होती, जपान एका गोलने मागे होता, पेनल्टीही वाया गेली होती. 84 व्या मिनिटाला युइ हासेगावाचा लांब पास मागून येत असताना इवाबुचीने चेंडू थांबवून घेतलाच नाही, पहिल्याच स्पर्शात तो गोलमध्ये धाडला. सामना 1-1 असा सुटला आणि हाच कॅनडा पुढे सुवर्णपदक जिंकून गेला. या गोलावर आधारलेला सराव मात्र लहान मुलींना झेपत नाही; मागून येणारा उंच चेंडू न अडवता मारायला लावण्याआधी त्यांना तो नीट अडवता यायला हवा, असे मला वाटते.

प्रशिक्षकांची भाषा मराठी-कन्नड अशी मिसळलेली असते. मराठी शाळेतल्या आणि कन्नड शाळेतल्या मुली एकाच संघात खेळतात आणि कोणालाही परके वाटत नाही, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ते मुलींशी चढ्या आवाजात बोलत नाहीत, चूक झाली की तिथेच थांबवून दाखवतात. इवाबुचीची दुखापतींनी ग्रासलेली वर्षेही ते लपवत नाहीत. ती 2017 मध्ये जर्मनी सोडून कोबेच्या संघात आली, 2018 च्या आशियाई चषकात सर्वोत्तम खेळाडू ठरली, नंतर अ‍ॅस्टन व्हिला आणि आर्सेनलमध्ये गेली, आणि 2023 च्या विश्वचषकासाठी निवड न झाल्यावर त्याच वर्षी निवृत्त झाली. सराव संपल्यावर स्नायू ताणण्याचे व्यायाम चुकवू न देण्यामागे तिच्या या दुखापतींचेच कारण ते देतात.

उणिवा मुख्यतः जागेच्या आहेत. मुलींना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोली नाही आणि स्वच्छतागृह एकच आहे. हिरवळीखालचे रबराचे दाणे गोलपोस्टजवळ इतके कमी झाले आहेत की पडल्यावर गुडघा हमखास सोलतो. पावसाळ्यात पाणी साचले की वर्ग ऐन वेळी रद्द होतो. खानापूरहून बसने येणाऱ्या मुलींसाठी तरी निरोप दुपारीच जायला हवा. नऊ वर्षांची आणि पंधरा वर्षांची मुलगी एकाच गटात ठेवणे हा दोष त्याहून मोठा, कारण धाकट्या मुली धक्क्याच्या भीतीने चेंडूपासून दूर राहतात.

एवढे असूनही अकरा-बारा वर्षांपुढच्या, थोडाफार खेळलेल्या मुलीसाठी मी हा वर्ग सुचवेन. त्याहून लहान मुलीच्या पालकांनी वयानुसार गट होईपर्यंत थांबावे. पावसाळ्याआधी नाव घालायचे असल्यास तिमाहीचे शुल्क एकदम न भरता महिन्याचे भरावे. विचारले तर ते तशी मुभा देतात.