परळची एक रक्तपेढी: फ्रिज चोख, खिडकी ढिली

साठवणुकीला पैकीच्या पैकी गुण. लाल पेशींच्या पिशव्या २ ते ६ अंशांत, गटवार, आधी मुदत संपणारी पुढे. पेशी टिकवायला पिशवीत द्रावण असतं: सॅगएम द्रावणातल्या पेशी ४२ दिवस टिकतात, सीपीडीए-१ मधल्या ३५. लेबलावर तारीख ठळक. तपासणी व्हायच्या पिशव्यांना वेगळा, कुलूपबंद फ्रिज. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचही चाचण्या निगेटिव्ह आल्यावरच पिशवी वापराच्या फ्रिजमध्ये येते. रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्याच्या ट्यूबवर नाव आणि नोंदणी क्रमांक नसला तर सरळ परत पाठवतात. कटकट वाटते, पण तेच बरोबर.

प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या रॅकवर, फक्त ५ दिवस. त्यांना गारवा चालत नाही. पण हे खिडकीवर कोणी सांगत नाही, मग डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक बिचारे त्यांनाही बर्फात घालून नेतात.

खरी बोंब इथेच. लाल पेशी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत हातात देतात! परळहून टॅक्सीने सायनला जायचं तरी संध्याकाळी अर्धा तास सहज जातो, आणि ३० मिनिटांपेक्षा जास्त बाहेर राहिलेली पिशवी परत साठ्यात घेत नाहीत. तेव्हा थर्मोकोलचा डबा घरूनच न्या. जेलपॅक आणि रक्त यांच्यामध्ये जाड पुठ्ठा हवाच. फ्रीझरमधला पॅक थेट टेकला तर पेशी गोठून फुटतात. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये पिशवी ठेवू देऊ नका. रक्त चढवायला घेतलं की ४ तासांत संपायला हवं.