ब्रशची मोटर की ब्रशलेस? धुळीत पळणाऱ्या छोट्या रेस गाडीवर पैसे कुठे घालावेत

टामियाची टीटी-०२ किंवा तिच्याच जातीची १/१० मापाची, रिमोटवर पळणारी ऑन-रोड गाडी हातात आली, किटमधल्या मोटरवर मनसोक्त पळवून झाली, की प्रश्न ठरलेला: आता मोटर बदलू की पार्ट? आणि मोटरच बदलायची तर ब्रशवालीच जरा जोरकस घेऊ की सरळ ब्रशलेस, म्हणजे आत ब्रश नसलेली? मी दोन्हीकडे राहून आलोय, त्यामुळे माझा कल काही लपणार नाही. तरी ब्रशच्या मोटरचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो.

ती साधी आहे. दोन वायरी, स्वस्त ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), बिघडली तर काढून दुसरी. कमी वेगात ती अलगद निघते. रिमोटचा ट्रिगर किंचित दाबला तर गाडी किंचितच सरकते, वळणातून बाहेर पडताना बिथरत नाही. नवशिक्या हाताला हे फार मोलाचं. टामियाच्या टॉर्क-ट्यून्डसारखी जोरकस ब्रशची मोटर टाकली तर किटपेक्षा फरक लगेच जाणवतो आणि खिशालाही झेपतो. गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंग रिकामं मिळतं तेवढ्यात बाप-लेकांना गाडी पळवायची असेल, तर याच्या पुढे जायची काही गरज आहे असं मला वाटत नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच कारणाने. ब्रशची मोटर एकदम मरत नाही, बसत जाते. आत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजतात, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडतो, आणि त्यात आपली धूळ. उन्हाळ्यात नाशिकमध्ये कुठलीही काँक्रीटची जागा घ्या, झाडून घेतली तरी थोड्या वेळात वर बारीक थर असतोच. सिंहस्थ जवळ आला की शहरभर जी खोदाखोद सुरू होते, त्या दिवसांत तर विचारायलाच नको. आता होतं काय, की गाडी आज संथ वाटते. का? बॅटरी? टायर? पिनिअन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चक्र) एका दाताने कमी पडतोय? मागचं स्प्रिंग कडक झालं? तुम्ही एकेक गोष्ट बदलत जाता आणि कशानेच समाधान होत नाही. शेवटी नवी मोटर बसवता, गाडी ताजीतवानी होते, आणि जुन्या मोटरवर बेतलेलं सगळं सेटिंग पुन्हा मुळापासून. मला असं वाटायला लागलं की मी गाडी ट्यून करत नाहीये, मोटरच्या म्हातारपणाची समजूत घालतोय.

यावर जाणकार म्हणतील, ब्रश बदलता येतील अशी मोटर घे, कम्युटेटर कातून घे. बरोबर आहे, अशा मोटरी मिळतात, आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण स्वस्तातली सीलबंद मोटर उघडताच येत नाही. आणि उघडणारी मोटर घ्यायची, तर तेवढ्या पैशांत दुसराही रस्ता असतो.

त्या रस्त्याला, म्हणजे ब्रशलेसला, दोन फाटे आहेत. बाजारात ईएससीसकट जो स्वस्त ब्रशलेस कॉम्बो मिळतो, तो बहुधा सेन्सर नसलेला असतो. त्याच्या डब्यावर केव्हीचा, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे याचा, आकडा असतो: ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या टू-एस (दोन सेलच्या) लायपो बॅटरीवर, ताण नसताना, मिनिटाला २४,००० च्या वर फेरे घेते. सरळ रेषेत मजा येते यात वाद नाही. पण रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, नेमका कुठे उभा आहे हे अशा ईएससीला गाडी थांबलेली असताना कळत नाही, म्हणून निघताना ती अडखळते, गुरगुरते, मग एकदम उसळते. मोकळ्या मैदानात हुंदडायचं असेल तर चालून जातं. छोट्या ट्रॅकवर हळू वळणं असतात, तिथे प्रत्येक वेळी ही अडखळ पदरात पडते.

सेन्सरवाल्या मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर रोटरची जागा ईएससीला सतत सांगत असतात. निघणं ब्रशइतकंच मऊ, आणि झिजायला ब्रश नाहीत. हिचा आकडा बहुतेक वेळा टर्न्समध्ये, म्हणजे तारेच्या वेढ्यांत, लिहितात: २१.५, १७.५, १३.५; आकडा कमी तितकी मोटर तिखट. टीटी-०२ च्या प्लास्टिक चॅसिसला आणि आपल्या बोटांना १७.५ पुरेशी आहे असं माझं मत. लहान मूल चालवणार असेल तर २१.५. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही: टामियाच्या बऱ्याच किटबरोबर आलेला टीबीएलई-०२एस हा ईएससी ब्रशची मोटरही चालवतो आणि सेन्सरवाली ब्रशलेसही. म्हणजे तुमच्याकडे तो असेल तर सुरुवातीला फक्त मोटर घ्यायची. सेन्सर नसलेली मोटर मात्र त्यावर चालत नाही. माहितीपत्रकातली टर्न्सची मर्यादा पाहून घ्या, आणि त्याला लायपोचं कट-ऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) नसल्यामुळे बॅटरीला वेगळा अलार्म लावा.

सेन्सरवालीचं दुखणं म्हणजे ती सहा तारांची नाजूक वायर. ती चॅसिसला घासू देऊ नका, कनेक्टरजवळ थोडी ढील ठेवून बांधा. निघाली तर या ईएससीवर गाडी जागेवर उभी. पण मला यात एक समाधान आहे: वायर निघाली की कळतं. बेअरिंग गेलं तरी आवाज येतो, कळतं. चालतेय तोवर मोटर कालच्यासारखीच चालते, आणि गाडी संथ वाटली तर मी बेधडक टायरकडे बघतो.

पार्टसाठीही मी हाच निकष लावतो, आणि तिथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. निळे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म कोणाला आवडत नाहीत? मीही लावले होते. कठड्याला धडक बसली की प्लास्टिकचा आर्म एक तर लवून परत येतो, नाही तर मोडतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म किंचित वाकतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका, आणि मग गाडी डावीकडे ओढायला लागते. तुम्ही रिमोटवर स्टिअरिंगची ट्रिम फिरवत बसता. फारच मजबूत असेल तर तो धक्का पुढे ढकलतो आणि चॅसिसमधल्या स्क्रूचं भोक फाटतं. मग चॅसिसच बदला. त्यापेक्षा प्लास्टिकच्या आर्मचे दोन जादा सेट डब्यात असलेले बरे. नुसतं मिरवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अ‍ॅल्युमिनियमला माझा विरोध नाही, जागा चुकते एवढंच. मोटर माउंट अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, तो मोटरची उष्णता ओढून घेतो. स्टिअरिंगचा सेट बेअरिंगवर फिरणारा असेल तर पुढच्या चाकांची ढिलाई कमी होते आणि सरळ रेषेत गाडी सरळ राहते. पिनिअन मात्र स्टीलचा. अ‍ॅल्युमिनियमचा पिनिअन आपल्या धुळीत काही दिवसांतच टोकदार दातांचा होतो.

या सगळ्याच्या आधी बेअरिंग. किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात. ते काढून ११ बाय ५ मिलिमीटरचे, रबर सील असलेले बेअरिंग बसवा. पत्र्याच्या झाकणाचे थोडे मोकळे फिरतात खरे, पण धूळ आत घेतात. मोटरवर खर्च करण्याआधी हे केलं तर जुनी मोटरही हलकी वाटायला लागते.

नाशिकला राहण्याचा या छंदात एक फायदा आहे. हिंज पिन (सस्पेन्शन आर्म जिच्यावर हलतो ती पिन) वाकली तर पार्सलची वाट पाहायची नाही. सातपूर किंवा अंबडला ओळखीचा एखादा लेथवाला असतोच; त्याच्याकडून त्याच जाडीच्या सिल्व्हर स्टीलच्या पिना मापात कापून घ्या, टोकं तेवढी नीट मारून. माझ्या गाडीत अशाच आहेत. पिनिअन किंवा स्पर (पिनिअन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चक्र) मात्र त्याच्याकडे मागू नका. एवढ्या बारीक मॉड्यूलचे, म्हणजे मापाचे, दात एका नगासाठी पाडणं त्याला परवडत नाही आणि आपल्यालाही नाही.

पिनिअन मागवताना ०.६ मॉड्यूल लिहिलंय का ते पाहा. ४८ पिचचा, म्हणजे दाताच्या दुसऱ्याच मापाचा, दिसायला तसाच असतो, शाफ्टवर बसतोही, पण स्पर खाऊन टाकतो. १७.५ मोटर असेल तर किटच्या २२ दातांपासून सुरुवात करा. ७० च्या स्परबरोबर अंतिम गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे) ८.२७ येतं, ते सावधच आहे. एक बॅटरी पळवून मोटरच्या डब्यावर बोट ठेवा. पाच सेकंद निवांत राहिलं तर एक दात वाढवा, पुन्हा बोट ठेवून पाहा. एप्रिल-मेमध्ये मी एक दात कमीच ठेवतो.