पावसाच्या नोंदी: एक्सेल, जॅमोव्ही आणि आर, हंगामभर वापरल्यानंतर

सातारा जिल्ह्याचा पाऊस म्हणजे सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला नामी विषय. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे, आणि तिकडे माणमध्ये ५०० च्या आसपास. ११ तालुक्यांची सरासरी काढा, येणारा आकडा ना जावळीतल्या भाताच्या कामाचा, ना माणमधल्या दहिवडीच्या ज्वारीच्या. त्यामुळे मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) बघावा लागतो, तालुके वेगळे काढावे लागतात आणि मग शीटवरची ओढाताण सुरू होते.

नोंदी भरायला एक्सेलला तोड नाही, हे आधी सांगतो. गावातला कुणीही पोरगा बसून भरतो, शिकवावं लागत नाही. माझी तक्रार आहे ती कोऱ्या सेलबद्दल. रविवारी पर्जन्यमापक कुणी वाचलाच नाही तर सेल कोरा, आणि पाऊस पडलाच नाही तर शून्य. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक. सरासरीचा फॉर्म्युला कोरा सेल गुपचूप वगळतो, इथवर ठीक. पण तोच सेल दुसऱ्या शीटवर जोडून घेतला की तिथे शून्य उमटतं. न वाचलेला दिवस कोरडा दिवस होतो आणि सरासरी खाली येते. माणसारख्या ठिकाणी, जिथे एका सरीवर पेरणी ठरते, तिथे हे चालणार नाही.

आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा इथे हटवादी आहे. एक जरी नोंद गहाळ असली तरी सरासरी देतच नाही, ‘एनए’ (नोंद उपलब्ध नाही) म्हणून हात वर करते. गहाळ नोंदी वगळायच्या, हे तुम्ही स्वतः लिहून द्यायचं. पहिल्या आठवड्यात याचा वैताग येतो. पुढे याच हट्टासाठी मी ती वापरू लागलो. केलेली प्रत्येक गोष्ट ओळीत लिहिलेली राहते, नवा महिना आला की तीच फाइल पुन्हा चालवायची.

एक्सेलमधल्या तारखांचं म्हणाल तर संगणकाची सेटिंग अमेरिकन असली की ३/७, म्हणजे आपली ३ जुलै, ही ७ मार्च होते आणि १३/७ नुसता मजकूर राहतो. एक्सेलच्या या तारीखवेडापायी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी काही जनुकांची तारखेसारखी दिसणारी नावंच बदलली, तिथे आपली काय कथा! मी दिवस, महिना, वर्ष असे तीन कॉलम ठेवतो.

मराठी नावं नीट न दिसण्याचा त्रास विंडोजवर आरच्या ४.२ या आवृत्तीपासून जवळपास संपला. ‘म्हसवड’ नीट दिसतं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) मात्र यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच सेव्ह करा.

(पीक कापणी प्रयोगांना नमुना-पद्धतीची शिस्त लावणारे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी हे सगळं संगणकाशिवाय केलं, हे आठवलं की कुरकुर कमी होते.)

कोडची धास्ती असेल तर जॅमोव्ही घ्या. फुकट आहे, आरवरच उभं आहे, सगळं मेनूतून होतं आणि वर्णनात्मक तक्त्यात गहाळ नोंदींचा आकडा सरासरीच्या आधी दाखवतं. एवढ्या कामासाठी एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या विकतच्या सॉफ्टवेअरचे पैसे मोजू नका.