साठ चौकोनांची पिशवी आणि विकत घेतलेले दोन टॅब : 'पाथ ऑफ एक्झाइल'मधली साठवण

रात्री दहाला मेडिकलचं शटर खाली ओढते, जेवण उरकते आणि साडेअकराच्या सुमारास लॅपटॉप घेऊन बसते. तासभर 'पाथ ऑफ एक्झाइल'. भाच्याने पुण्याहून येऊन हट्टाने तो घालून दिला, तेव्हा वाटलं होतं की राक्षस मारायचा खेळ आहे, आठवडाभरात सुटेल. आता चौथी लीग, म्हणजे सगळं शून्यापासून सुरू होणारी फेरी, चालू आहे. मला त्यातल्या राक्षसांपेक्षा सामानाची पेटी जास्त आवडते. त्या पेटीवर स्वतःचे पैसे घातलेत, म्हणून हा रिव्ह्यू पेटीचाच.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने हा गेम 2013 मध्ये आणला. खेळायला फुकट. राक्षस मेला की सामान पडतं, ते उचलायचं, गावात आणायचं, पेटीत ठेवायचं किंवा विकायचं. अंगावरच्या पिशवीत 12 रकाने आणि 5 ओळी, म्हणजे 60 चौकोन. अंगठी एका चौकोनात बसते, कमरपट्ट्याला दोन आडवे लागतात. शिरस्त्राण, हातमोजे, बूट यांना चार-चार. चिलखताला दोन बाय तीन म्हणजे सहा, मोठ्या धनुष्याला आठ.

वाचायला हे रुक्ष वाटेल, पण हातात आलं की मजा कळते. सहा चिलखतं शेजारी-शेजारी लावली की वरच्या तीन ओळी भरतात. खालच्या दोन ओळींत सहा शिरस्त्राणं किंवा बूट बरोबर बसतात, एकही चौकोन रिकामा राहत नाही. त्याऐवजी सहा धनुष्यं उचलली तर चार ओळी गेल्या, आणि उरलेल्या एका ओळीत फक्त अंगठ्या, ताईत आणि पट्टे. म्हणजे खाली पडलेली वस्तू किती भारी आहे याबरोबर ती किती जागा खाते हेही बघावं लागतं. मेडिकलमध्ये सलाइनच्या बाटल्यांचा एक खोका आला की टेबलाखालची सगळी जागा जाते आणि इन्सुलिनच्या पेनांना फ्रिजचा एक कप्पा पुरतो. कुणाला किती जागा द्यायची हा हिशोब मी रोज करते, म्हणून असेल, पण पिशवी लहान आहे याची मला कधी अडचण वाटली नाही.

मी शिकले ती एक जुनी रेसिपी सांगते, कारण पिशवीचं माप तिच्यामुळे डोक्यात पक्कं बसलं. साठ ते चौऱ्याहत्तर आयटम लेव्हलच्या (वस्तूच्या पातळीच्या) रेअर, म्हणजे दुर्मिळ, वस्तूंचा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण संच, ओळख न पटवता (म्हणजे वस्तूंचे गुण उघड न करता), दुकानदाराला दिला की दोन केऑस ऑर्ब, म्हणजे खेळातलं चलन, मिळायचे. संचात चिलखत, शिरस्त्राण, हातमोजे, बूट, पट्टा, दोन अंगठ्या, ताईत आणि शस्त्रं. शस्त्रं म्हणून एक बाय तीनच्या दोन कांड्या घेतल्या तर एका संचाला 29 चौकोन लागतात. दोन संचांना 58. आता मांडा : वरच्या तीन ओळींत दोन चिलखतं आणि चार कांड्या, खालच्या दोन ओळींत सहा चौकोनी वस्तू, आणि वर उजवीकडे उरलेल्या जागेत दोन पट्टे, चार अंगठ्या, दोन ताईत. दोन चौकोन उरतात. एकात वस्तूची ओळख पटवणारा स्क्रोल ऑफ विज्डम, एकात गावात परत नेणारा पोर्टल स्क्रोल. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी भाच्याला फोटो पाठवला. त्याचा एका ओळीचा निरोप आला, "मावशी, तू दुकानच चालवतेयस अगं."

आता पेटी. लायनआयज वॉच या पहिल्याच गावात ती भेटते आणि पुढे प्रत्येक गावात तीच उघडते. फुकटात चार टॅब, म्हणजे पेटीतले कप्पे, मिळतात, प्रत्येक 12 बाय 12, म्हणजे 144 चौकोन. पहिली लीग मी या चारांवर काढली. काढता येते. पण या गेमचा सगळा व्यवहार ऑर्बवर चालतो : ट्रान्सम्युटेशन, अल्टरेशन, अल्केमी, केऑस, एक्झाल्टेड, डिव्हाइन, आणखी कितीतरी. प्रत्येकाचा वेगळा ढीग आणि ढिगाला मर्यादा. विज्डमचे चाळीस स्क्रोल झाले की एकेचाळिसावा दुसऱ्या चौकोनात. महिनाभरात माझा एक अख्खा टॅब चिल्लरीने भरला. त्यात एक अल्केमी शोधायला मला शोधाच्या चौकटीत नाव टाइप करावं लागायचं. (कंट्रोल आणि एफ दाबून दोन-तीन अक्षरं लिहिली की जुळणाऱ्या वस्तू उजळतात. ही सोय फुकट आहे आणि फार चांगली आहे.)

तेव्हा मी करन्सी टॅब, म्हणजे खास ऑर्बसाठीचा कप्पा, घेतला. 75 पॉइंट, आणि 100 पॉइंट 10 डॉलरला पडतात. माझ्या मते या गेममध्ये पैसे घालण्याजोगी पहिली वस्तू हीच. प्रत्येक ऑर्बला स्वतःचा खण, खणात हजारोंनी मावतात, आणि किती आहेत ते आकड्यात समोर दिसतं. मधोमध एक जागा आहे. तिथे वस्तू ठेवायची आणि तिथल्या तिथे खणातला ऑर्ब उचलून तिच्यावर वापरायचा, पिशवीत काढून घ्यायची गरजच नाही.

त्याच्या जोडीला अ‍ॅफिनिटी, म्हणजे कुठली वस्तू कुठल्या टॅबमध्ये जावी हे आधीच ठरवून ठेवायची सोय. पेटी उघडी ठेवून कंट्रोल दाबून क्लिक केलं की ऑर्ब आपोआप करन्सी टॅबमध्ये जातो, तेव्हा समोर कोणताही टॅब का असेना. होलसेलरचा माल आला की आमच्याकडचा मुलगा खोका फोडून प्रत्येक स्ट्रिप तिच्या ड्रॉवरमध्ये टाकतो, बीपीची बीपीत, थायरॉइडची थायरॉइडमध्ये. त्याला हे अंगवळणी पडायला सहा महिने लागले होते. इथे एका क्लिकमध्ये होतं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असतात, आणि रात्रीच्या एका तासातली दहा मिनिटं वाचतात. मला या दहा मिनिटांची किंमत आहे.

दुसरी खरेदी क्वाड टॅबची, 150 पॉइंट. 24 बाय 24, म्हणजे 576 चौकोन, एका साध्या टॅबच्या चौपट. सांगितलंय तेवढी जागा मिळते, त्यात खोट नाही. पण चौकोन तेवढ्याच पडद्यावर बसवायचे म्हणून निम्म्या लांबीचे होतात, आणि माझ्या पंधरा इंची लॅपटॉपवर अंगठ्यांचा रंगसुद्धा वाकून बघावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट वेगळी झाली. जागा आहे म्हणून मी काहीही आणून टाकायला लागले. 'पुढे विच (चेटकीण हे पात्र) खेळले तर लागेल', 'भाच्याला लागेल', 'बघू'. लीग संपल्यावर ते सगळं सामान स्टँडर्डमध्ये, म्हणजे कधी न संपणाऱ्या कायमच्या लीगमध्ये, गेलं. तिथे त्या टॅबमधून वस्तू काढता येतात, नवीन ठेवता येत नाहीत. मी एका रविवारी तो टॅब उघडून बसले. साडेतीनशेच्या वर वस्तू होत्या. त्यातली एकही नंतर वापरली नाही. दुकानात एक्स्पायरी जवळ आलेल्या स्ट्रिपा मी दर महिन्याच्या पंचवीस तारखेला वेगळ्या काढते, इथे तारीख छापलेली नसते म्हणून ते सुचलं नाही. ज्यांच्याकडे मोठा पडदा आहे आणि जे ढिगाने माल विकतात त्यांना क्वाड लागतोच, भाचा त्याच्याशिवाय खेळत नाही. मला नको होता.

सामान कमी करायचा खरा उपाय पेटीच्या आधी, जमिनीवरच होतो : लूट फिल्टर, म्हणजे पडलेलं कुठलं सामान दिसावं हे ठरवणारी चाळणी. नेव्हरसिंक नावाच्या खेळाडूने बनवलेला फिल्टर फुकट मिळतो, त्यात सॉफ्टपासून उबर प्लस स्ट्रिक्टपर्यंत सात पायऱ्या आहेत. नकाशे (कथा संपल्यावर खेळायच्या जागा) खेळायला लागले की मी तिसरी, सेमी स्ट्रिक्ट लावते. निम्म्याहून जास्त कचरा दिसतच नाही आणि मोलाची वस्तू पडली की आवाज येतो. क्वाड घेण्याच्या विचारात असाल तर आधी पंधरा दिवस फिल्टर एक पायरी कडक करून बघा.

बाकीचे टॅब मी भाच्याच्या खात्यात पाहिलेत. इसेन्स, डिव्हिनेशन कार्ड, फ्रॅगमेंट अशा खास वस्तूंचे टॅब नीटनेटके आहेत, पण आठवड्याला पाच-सहा तास खेळणाऱ्याला त्यांची निकड नाही. वस्तू इतर खेळाडूंना विकायच्या असतील तर 40 पॉइंटांचा प्रीमियम टॅब मात्र हवा. त्याला नाव आणि रंग देता येतो. विकत घेतलेले टॅब खात्यावर राहतात, दर लीगला पुन्हा घ्यावे लागत नाहीत. 2024 च्या डिसेंबरात दुसरा भाग खेळायला खुला झाला, तेव्हा करन्सी टॅब तिथेही मिळाला.

घाई करू नका. टॅबांवर अधूनमधून सूट लागते, बहुतेकदा शनिवार-रविवार धरून. मी क्वाड सूट लागायच्या आदल्या रात्री पूर्ण किमतीला घेतला होता. तेवढ्याच 150 पॉइंटांत मॅप टॅब येतो, नकाशे एक ते सोळा टिअरप्रमाणे (पातळीप्रमाणे) आपोआप लावणारा. माझे नकाशे अजून चौथ्या फुकट टॅबमध्ये एकावर एक पडलेत, आणि पुढची सूट लागेल तेव्हा मी तोच घेणार आहे.